चौथ्या पानावरचं वाक्य

पेन्सिलीच्या टोकाचं रबर वाळून खडखडीत झालं होतं. त्याने ते उगाच नखाने कोरलं आणि भुगा त्याच्या नव्या कथेच्या प्रुफांवर पडला – नेमका चौथ्या पानावर, नेमका त्या वाक्यावर. ‘हे आता सुटले तर बरं, मला झोपायचंय.’ कथेतली बाई आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून असं म्हणते.

म्हणाली होती खरं तर त्याची धाकटी बहीण. हॉस्पिटलच्या जिन्यात, अकरा दिवसांच्या जागरणानंतर, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून... आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत मनात ते वाक्य घोकत होता, विसरू नये म्हणून. मग चहा आणतो म्हणून खाली गेला आणि औषधांच्या चिठ्ठीमागे ते टिपून घेतलं. चहा राहूनच गेला. दोन दिवसांनी मेहुणे गेले.

कथा तिला वाचायला दिली त्यानेच – कौतुक करून घ्यायला, दुसरं काय! सकाळी तिचा फोन आला.

“दादा, ते वाक्य काढ.”

“अगं, त्या एका वाक्यावर कथा उभी आहे.”

“राहील रे उभी. माझी पोरगी तुझं सगळं वाचते. तिला लगेच कळेल, आई बाबांबद्दल असं म्हणाली.” मग म्हणाली, “मी ते माझ्या भावाला सांगितलं होतं.”

चार वाजता छापखान्याचा माणूस प्रुफं न्यायला येणार होता. काढूनच बघू, म्हणजे तिला सांगता येईल, बघ कशी कोसळते – अशा इरेला पेटून त्याने वाक्यावर रेघ ओढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. बाई खिडकी लावते... पेला झाकून ठेवते... उशाशी बसते... कथा कुठे अडखळली नाही. पुन्हा वाचली. छे! उलट आधीपेक्षा बरी वाटली.

म्हणजे वीस वर्षं मी जिला कला म्हणत आलो ती ही? बायको म्हणायची, तुमच्यासमोर रडायचीही चोरी – आणि मी ते हसण्यावारी नेलं. त्या जिन्यात मी नुसता भाऊ असतो, तरी या कथेचं काहीएक बिघडलं नसतं.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. बहीण सुटली, भाची सुटली. पण त्याला राग आला, बहिणीचाच, तिचं खरं निघालं म्हणून... आणि त्याच्या लक्षात आलं, आपण ते वाळकं रबर रेघेवर घासतोय, जोरजोरात. रेघ जात नव्हती, नुसती काळी पसरत होती, आणि खालचं वाक्य अजून वाचता येत होतं.