उणे आठ एक्स

बदनापूरच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या अप्पाराव सरांचा स्वभावच असा, की सख्ख्या भावानं वजन करून आणलेली साखर ते घरी पुन्हा तोलतील. मागच्या बॅचचे पेपर पोरं चुलत-मावस नात्यातून मिळवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून यंदा पॅराबोलाच्या जुन्याच प्रश्नात त्यांनी 8x च्या आधी उणे चिन्ह टाकलं आणि मनाशी खूश झाले. बसा आता बोंबलत!

प्रश्न असा: y² = −8x या पॅराबोलाला (2, 4) या बिंदूवर टँजंट काढा. चाळीस पोरांनी सूत्रात आकडे भरून x + y + 2 = 0 लिहिलं, अगदी सरांच्या उत्तरासारखं. एकट्या साक्षीचं आलं x + y = 6, आणि तेही डेरिव्हेटिव्ह घेऊन! अकरावीला ते अजून शिकवलंच नव्हतं. झालं, सरांच्या डोक्यात किडा वळवळला. पोरीनं मोबाईल आणला असणार. जालन्याच्या गणिताच्या मोफत शिबिराला कॉलेजातून एकच नाव जायचं होतं, आणि वर्षभर तिचेच मार्क सगळ्यांत जास्त. फीचा क्लास तिच्या घरच्यांना झेपणारा नव्हता. तरी सरांनी फॉर्मवरचं तिचं नाव खोडायचं ठरवलं, पण आधी चोरी सगळ्यांसमोर पकडायची होती.

"ये इकडं. फळ्यावर करून दाखव."

साक्षीनं न अडखळता केलं. स्लोप उणे एक, x + y = 6.

"कुणी शिकवलं?"

"थोरल्या बहिणीचं, वंदनाताईचं, बारावीचं पुस्तक हाय घरी."

"अस्सं! मंग उत्तर चुकलं कसं?" सरांनी शेजारी आपलं समीकरण लिहिलं.

"सर, तुमच्यात दोन आन् चार टाकून बघा ना."

सरांनी टाकले. आठ बराबर शून्य! मग त्यांनी मूळ पॅराबोलातच टाकले. सोळा बराबर उणे सोळा. अरे देवा! चिन्ह बदललं, पण बिंदू बदलायचा राहून गेला होता. तो पॅराबोलावर नव्हताच, तर तिथं पॅराबोलाला टेकणारी टँजंट कुठली असणार?

"दोन्ही उत्तरं चूक हायेत, सर. मी मागच्या पानावर लिहिलंय तसं."

सरांनी पान उलटलंच नव्हतं.

"पेपर चालू असतानाच कळल्तं? मंग तवाच हात का न्हाई वर केलास?"

साक्षीनं खडू खाली ठेवला. "मागच्या टेस्टला केल्ता, सर. तुम्ही म्हणले, शेजारणीला इशारे करून राह्यली. आन् मला बाहेर काढलं."