रागिणीच्या कानातली शिट्टी

मी कानाची मशीन बोलतेय. सरकारी कागदावर माझं नाव श्रवणयंत्र, पण चांदूर रेल्वेकडच्या आमच्या गावात एवढा लांब शब्द उच्चारायला सवड कुणाला आहे? खरं तर ऐकवणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आता राहवत नाही.

अमरावतीच्या शिबिरात मी रागिणीला मिळाले तेव्हा ती पहिलीत होती. तिचा डावा कान पूर्ण बंद होता; उजव्या, थोडं ऐकणाऱ्या कानाच्या मापाचा मऊ साचा करून मला जोडला. फिरत्या विशेष शिक्षिका साधना मॅडमनी मला चालू केलं आणि मागून आईनं, जमुनानं, हाक मारली. रागिणीनं मान वळवली.

"वयून पायलं माह्या पोरीनं," एवढंच म्हणून जमुना खाली बसली आणि खूप रडली. त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला.

साधना मॅडमकडे तेवीस शाळा होत्या, तरी आमच्या शाळेचा गुरुवार त्यांनी कधी चुकवला नाही. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, असं त्या महादेवराव गुरुजींना पुन्हा पुन्हा सांगत. वर्षभरात रागिणी 'आई' म्हणाली, 'पानी' म्हणाली, भांडताना 'माह्यं हाय' सुद्धा म्हणायला लागली. मग मॅडमची बदली धारणीला झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

दुसरीत गेल्यावर मी शिट्टी मारायला लागले. पोरीचा कान वाढला होता आणि साचा तेवढाच होता. साचा सैल झाला की आवाज फटीतून निसटतो, परत माझ्यातच शिरतो आणि मी किंचाळते. नवा साचा केला असता तर भागलं असतं. पण हे सांगणारं गावात कोण होतं?

पोरं हसायची. गुरुजी वाईट माणूस नव्हते. दोन वर्ग एकटेच सांभाळायचे. एके दिवशी त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. माझ्या पाठीवर आवाजाची बारीक चकती आहे, ती खाली फिरवत नेली. शिट्टी थांबली.

"मशीन सुदरली पाय," गुरुजी जमुनाला म्हणाले. तिनं त्यांना हात जोडले.

मी सुधरले नव्हते, मुकी झाले होते. चकती आजही तिथंच आहे. साचा सैल असला तरी त्यानं कान बंदच, आणि माझ्यातून आवाज नाही. म्हणजे माझ्याशिवाय जेवढं ऐकू आलं असतं, तेवढंही मीच अडवते. आधी 'माह्यं हाय' गेलं, मग 'पानी'. 'आई' बरेच दिवस टिकलं, तेही गेलं. तपासणीच्या कागदावर 'यंत्र नियमित वापरते' असं लिहिलं जातं, आणि ते खोटं नाही. मशीन लावूनही बोलत नाही म्हणजे पोरगीच मंद, असं आता सगळ्यांनी ठरवलंय. जमुनानंसुद्धा.

रागिणी आता चौथीत आहे. परवा परिपाठाला ढोलकी वाजत होती. तिनं मला हळूच काढून मुठीत धरलं आणि मान तिरकी करून उभी राहिली. काहीतरी पोचत होतं तिच्यापर्यंत. तिचा अंगठा ठेक्यावर हलताना मला जाणवत होता.

गुरुजींनी पाहिलं. जवळ आले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काढू नको बेटा. तुह्याच भल्यासाठी हाय हे."

आणि त्यांनी जपून, अगदी मायेनं मला परत तिच्या कानात बसवलं. अंगठा थांबला.

मला चालवता येत नसेल तर नका चालवू. पण कुणीतरी मला या पोरीच्या कानातून काढा हो.