किल्ली तिच्या गळ्यात, मी खाऱ्या पाण्यात

मी कुलूप बोलतोय. अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, अंगाने पितळी, पोटात पोलादी स्प्रिंग. आधीच सांगून टाकतो, मी हेवेखोर आहे. उगाच गोड बोलून चांगलं म्हणवून घेणं मला जमत नाही, आणि माझ्याकडे आता तेवढा वेळही नाही.

कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसणाऱ्या एका बाईंनी मला जोडलं. त्यांनी किल्ली घातली, फिरवली आणि मी असा काही अलगद उघडलो की त्या स्वतःशीच "वा!" म्हणाल्या. ती माझी किल्ली. पाकिटात दुसरीही एक होती, पण कापणाऱ्याने ती जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत उरकली होती. ती आत जायची, फिरायची मात्र नाही. तिला मी कधी आपलं मानलंच नाही. माझी आणि माझ्या किल्लीची पाठ एकमेकांना टेकलेली, असे दोन महिने आम्ही त्या पाकिटात काढले. त्याहून सुखाचे दिवस मी पाहिलेले नाहीत.

मग आम्हाला घेतलं एका घड्याळजीने. चाळिशी उलटलेला, मितभाषी, डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळांत तेलाचे थेंब सोडणारा. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारी. लग्नाला बारा वर्षं झालेली. घरातलं बोलणं आटून आटून गॅस कधी येणार आणि वीजबिल कोण भरणार एवढ्यावर आलं होतं. तेव्हा एका रविवारी त्याने कान लाल करून तिला फोनवर एक वस्तू दाखवली. पुरुषाने अंगावर खाली घालायचं प्लॅस्टिकचं कवच, त्याला कुलूप. एकदा लावलं की किल्ली ज्याच्याकडे त्याची मर्जी होईपर्यंत ब्रह्मचर्य. ती पाच मिनिटं पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "किल्ली कोणाकडे?" तो म्हणाला, "तुझ्याकडे." ती म्हणाली, "मग मागव."

असं माझं काम ठरलं. काम हलकं होतं हो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण किल्ली गेली तिच्या गळ्यात, साखळीत, उजेडात. आणि मी कुठे, ते तुम्हाला कळलंच आहे.

सुट्टीला समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा गाडीतच दोघांनी पैज लावली. सोमवारी दुपारी बारापासून शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कुलूप काढायचं नाही, पोहतानासुद्धा नाही. त्याने किल्ली मागितली तर तो हरला. तिने आपणहून कुलूप काढलं तर ती हरली. हरणाऱ्याने वर्षभर भांडी घासायची. भांड्यांचा दोघांनाही इतका तिटकारा की बारा वर्षांत त्यावरून जेवढे रुसवेफुगवे झाले तेवढे दुसऱ्या कशावरून झाले नसतील.

मला पैजेशी काय घेणं? मी फक्त शुक्रवार मोजत होतो. शुक्रवारी बारा वाजता माझी किल्ली येईल, मी उघडेन, आम्ही परत पाकिटात जाऊ. एवढंच मला हवं होतं.

पहिल्या दिवशी तो गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी घालून कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटं नुसता उभा होता. सगळा किनारा जणू त्याच्याकडेच बघतोय असा चेहरा. कोणाला पडलेली नव्हती. जो तो आपापलं पोट आत ओढण्यात गुंग. शेवटी त्याने अंग पाण्यात झोकून दिलं आणि मी पहिल्यांदा समुद्र प्यायलो. मिठाने माझ्या पोटात आग पडली. तो मात्र तासभर डुंबत होता, लहानपणी पोहायचा तसा. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला.

बाहेर येऊन नळाकडे निघाला तर चालताना मी वाजत होतो. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काळजीने विचारलं, किल्ल्या खिशात घेऊन पोहता का, हरवतील. हा म्हणाला, माझ्याकडे किल्ली नसतेच, बायकोकडे असते. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. म्हणाले, आमच्याकडेही तसंच आहे.

आणि ती कुठे होती, माझी किल्ली? वाळूत छत्रीच्या कडेला, बाईच्या छातीवर, ऊन खात. बाई पुस्तक वाचताना तिला बोटांत फिरवायची. कधी दातांत धरायची. नाश्त्याला समोर बसली की मुद्दाम साखळी हलवायची आणि तो लाजून चहाच्या कपात बघायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. लाजायचं ते किल्लीकडे बघून, आणि राबायचं कोणी? मी! तिचा तोराही वाढला होता. चार दिवसांत उन्हाने कशी लखलखली होती, आणि मी हिरवट पडत चाललेलो.

माझ्या पाकिटावर स्पष्ट छापलं होतं: खाऱ्या पाण्यात नेल्यास रोज उघडून गोड्या पाण्याने धुवावे, तेलाचा थेंब सोडावा. दोघांनीही ते वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणालीसुद्धा, आत मीठ गेलं असेल, धुवायला काढूया का? त्याला वाटलं, ही आपल्याकडून हो म्हणवून घेतेय. म्हणाला, तुला काढायचं असेल तर काढ. तिला वाटलं, हा आपल्याला हरवतोय. म्हणाली, मला कशाला, तुझं तू बघ. झालं! तिसऱ्या दिवशी त्याने आत करकर होतेय असं सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, म्हणजे किल्ली मागतोयस का? नाही बाबा, सहज बोललो, म्हणत त्याने विषय बदलला. अख्ख्या गावाच्या घड्याळांना तेल घालणारा माणूस, पण भांडी घासावी लागतील म्हणून माझ्या तोंडात थेंबभर तेल पडलं नाही. वरून नळाचं पाणी मारायचा तेवढंच. माझी स्प्रिंग गंजायला लागली होती. चौथ्या दिवशी तर मला धडकीच भरली, की उद्या मी उघडलोच नाही तर?

शुक्रवार उजाडला. बाराला दोन मिनिटं कमी असताना तो पलंगाच्या काठावर येऊन बसला, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. बारा वाजले. तिने साखळी काढली. दोघंही जिंकले म्हणून दोघंही जरा हिरमुसले होते.

आणि किल्ली आली. काय सांगू तुम्हाला! मी चार दिवस जिची वाट पाहिली ती आली, आणि तिला वास कसला होता? बाईच्या गळ्याचा. पावडरचा, उन्हात लावायच्या क्रीमचा, पुस्तकाच्या पानांचा. माझ्या पितळेचा जरासुद्धा वास तिला उरला नव्हता. माझं डोकं फिरलं. आता आठवण झाली का माझी?

खरं सांगतो, मी उघडू शकलो असतो. गंज होता, पण अर्धी फिरली होती ती. थोडा जोर लावला असता तर पुढेही गेली असती. मी लावला नाही. तिला आत घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, आता जाऊन दाखव तिच्या गळ्यात.

"हळू. मला दे, माझा हात बसलेला आहे," तो म्हणाला.

"किल्ली मीच फिरवणार, ठरलंय आपलं," ती म्हणाली आणि तिने पिळलं.

टक् असा बारीक आवाज झाला. तिच्या हातात किल्लीचा गोल डोक्याकडचा भाग राहिला. दात सगळे माझ्या पोटात.

ती खाली जाऊन लॉजच्या दुरुस्तीवाल्याकडे कटर मागू लागली, बॅगेचं कुलूप अडकलंय म्हणून. तो भला माणूस. म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेता, मी वर येऊन कापून देतो. ती नको म्हणाली. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे ताई. ती म्हणाली, बॅग फार लाजाळू आहे. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, कटर दिला आणि सांगितलं, कडीखाली काहीतरी कडक धरा, बॅगेला लागेल.

तिने कडीखाली स्टीलचा चमचा सरकवला. तो डोळे गच्च मिटून बसला. तिचे हात मात्र शिरा शोधणारे, जराही हलले नाहीत. माझी कडी तुटली आणि मी फरशीवर पडलो.

मग ती त्याच्या शेजारी बसली आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "मी दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. ती म्हणाली, "मीपण. मला वाटलं तू मला हरवतोयस." त्याने तिचा हात हातात घेतला. बारा वर्षांत इतकं मोकळं बोलणं झालं नसेल, आणि तेही माझ्यावाचून, किल्लीवाचून. मी ओल्या फरशीवरून बघत होतो. मला ते बघवलं नाही.

आता मी त्याच्या दुकानात, घड्याळांच्या सुट्या भागांच्या ताटलीत आहे. ती डबा द्यायला येते तेव्हा बोलणं कानावर पडतं. भांडी आता दोघं मिळून घासतात. नवीन कुलूपही आणलंय, आकड्यांचं, किल्ली नसलेलं. आकडा दोघांना पाठ आहे. अर्धी किल्ली मात्र ती अजून गळ्यात घालते.

आज सकाळी त्याने माझ्या तोंडात तेल सोडलं. उद्या तेल मुरलं की बारीक चिमट्याने आतले दात काढायचे, डोक्याला जोडायचे, घासूनपुसून चकाकवायचे आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला द्यायचे, असं त्याने शेजारच्या दुकानदाराला सांगितलं. अख्खी किल्ली परत तिच्या गळ्यात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी त्या दुकानी गेलात तर त्याला बोलण्यात गुंतवा. घड्याळ मागे पडतंय म्हणा, पट्टा तुटलाय म्हणा, काहीही सांगा. तेल मुरत चाललंय, स्प्रिंग सैल होतेय. माझ्या धरून ठेवण्यानेच ती मोडली, हे मला कळतं. तरी मला तिला सोडवत नाही.