अकरा नंबरची मुलगी

“मावशी, नळाला पाणी नाही,” आतून आवाज आला.

“नसायचंच. मीच बंद केलंय,” मावशी म्हणाली. “हात नंतर धू. आधी बाटली भर. निशाणीपर्यंत.”

“तुम्ही बघत असलात की होत नाही हो.”

“सगळ्यांचं असंच असतं. मी भिंतीकडे बघते, तू मनातल्या मनात शंभरपासून उलटे आकडे म्हण. ऐंशीच्या आत काम होतं.”

त्र्याऐंशीला झालं. मावशीने बाटली हातात घेऊन बाहेरची पट्टी बघितली. नमुना अंगातून नुकताच आलेला असेल तरच ती पट्टी हिरवी होते. हिरवी झाली. झाकणावर कागदी सील चिकटवलं, मुलीची सही घेतली आणि मगच नळाची चावी फिरवली.

सैन्यात अधिकारी व्हायला निघालेल्या मुलामुलींची शेवटची वैद्यकीय तपासणी या इमारतीत व्हायची, आणि मुलींच्या नमुन्याच्या खोलीत मावशी एकोणीस वर्षं उभी होती. कुणी नशापाणी केलंय का, ते त्या बाटलीतून कळायचं. फसवायला बघणाऱ्यांचे सगळे प्रकार तिने पाहिले होते. कुणी पाणी मिसळायला बघे, कुणी दुसऱ्याचा नमुना औषधाच्या बाटलीतून आणे. काखेत चिकटपट्टीने बांधून आणलेली बाटली तर तिने नुसत्या चालण्यावरून ओळखली होती. ती मुलगी रडत म्हणाली होती, “तुमची मुलगी असती तर?” मावशी म्हणाली होती, “तरी हेच केलं असतं.” बोलायला काय जातं. तेव्हा तिची मुलगी शाळेत होती.

आज दुपारी मावशीची तीच मुलगी फोनवर होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

“आई, बसली आहेस का? बस आधी. यादी लागली. पाच दिवसांच्या मुलाखतीत मी पास झाले. आमच्या गटातली मी एकटी. गुरुवारी मेडिकल. तुझ्याकडेच. अकरा नंबर.”

मावशी बसली नाही. तिने फोन कानाला लावून कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. समोरून येणाऱ्या सिस्टरला, काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, “माझी भिंगरी.” सिस्टरला काही कळलं नाही, पण तीही हसली.

लहानपणी ही मुलगी एका जागी म्हणून थांबायची नाही. म्हणून भिंगरी.

मग मावशी तडक मेजरबाईंच्या खोलीत गेली. मेजरबाई म्हणजे या इमारतीच्या मुख्य डॉक्टर. “गुरुवारची अकरा नंबर माझी मुलगी आहे,” तिने सांगितलं. “नियमाप्रमाणे मी त्या दिवशी आत नको.”

“अभिनंदन,” मेजरबाई म्हणाल्या. “त्या दिवशी सिस्टर उभी राहील. तुम्ही रजा घ्या, घरी आराम करा.”

“घरी माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही.”

“मग बाहेरच्या बाकावर बसा. पण त्या दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही.”

संध्याकाळी घरात नुसता कल्ला होता. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. त्यांनी येताना शेजारच्या चारही घरांत बातमी देऊन टाकली होती आणि आता ते दारातच भिंगरीला सलाम कसा ठोकायचा ते दाखवत होते.

“बाबा, कोपर एवढं वर नसतं.”

“मी लिफ्टवाला आहे. माझं सगळं वरच जातं.”

भिंगरीने मुलाखतीच्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या. मैदानात लाकडी अडथळे होते आणि लाल रंगाच्या फळीला पाय लावायचा नाही असा नियम होता. शेवटच्या उडीत तिच्या बुटाची टाच फळीला लागली. कुणी बघितलं नव्हतं. तिने हात वर करून सांगितलं, सगळा गट मागे गेला, वेळ संपली, काम अपुरं राहिलं. गटातल्या एकाने तर तिला तिथेच झापलं. “मला वाटलं, माझं तिथेच संपलं,” ती म्हणाली. “आणि बघ, मलाच घेतलं.”

बाबा बातमी सांगायला आणखी कुणी शिल्लक आहे का ते बघायला खाली गेले, तशी भिंगरीने पिशवीतून कागद काढले. मेडिकलचा फॉर्म होता. आजार, ऑपरेशन, चष्मा, सगळं भरून झालं होतं. एक रकाना कोरा होता. मावशीला तो वाचावाही लागला नाही. ‘कोणत्याही अमली पदार्थाचं सेवन कधी, एकदा तरी, केलं आहे का?’

“हा का ठेवलास?”

भिंगरीने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. “कॉलेजच्या सहलीत. दोन वर्षं झाली. गांजाची सिगरेट फिरत होती. दोन झुरके ओढले. मग अर्धा तास खोकत बसले. परत कधी हात लावला नाही.”

मावशी खुर्चीवर टेकली. तिला राग आला, पण रागापेक्षाही आधी तिच्या डोक्याने हिशोब केला. दोन वर्षं. लघवीत काय दिसणार? काही नाही. तिला सिस्टरपेक्षा जास्त माहीत होतं. आणि तिला हेही माहीत होतं, की ‘होय’ लिहिलेल्या फाइली वेगळ्या ट्रेमध्ये पडतात, वर मुख्यालयात जातात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा परत येतात त्या ‘अपात्र’ शिक्का घेऊन.

“नाही लिही,” ती म्हणाली.

“आई?”

“नाही लिही. दोन झुरक्यांसाठी जन्माचं नुकसान करून घेऊ नकोस. बाटलीत काही सापडणार नाही. मी सांगते ना.”

“सापडणार नाही म्हणून?”

“भिंगरे, अक्कल शिकवू नकोस. तू पहाटे उठून धावलीस, त्या प्रत्येक दिवशी मी उठून दूध तापवलंय. नाही लिही आणि सही कर.”

भिंगरीने आईकडे नुसतं बघितलं. जन्मात पहिल्यांदा ती एका जागी स्थिर बसली होती. मग तिने कागद गोळा केले. “तिथेच भरीन,” ती म्हणाली. बाबा जिना चढत वर येताना गुणगुणत होते, म्हणून विषय तिथेच थांबला.

मावशीला धड झोप लागली नाही. आपण काय बोललो ते तिला कळत होतं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना धरलं, आणि स्वतःच्या मुलीची वेळ आली तर आपणच तिला पळवाट दाखवली. पण पोर आत जायला हवी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही एकाच छातीत मावत नव्हत्या.

गुरुवारी सकाळी ती बाकावर बसली, उमेदवारांच्या आईबापांच्या रांगेत. तिला तिथे बसलेलं बघून वॉर्डबॉय गालात हसला. शेजारच्या गृहस्थाने विचारलं, “तुमचं कोण?” ती म्हणाली, “अकरा नंबर.” एकेक मुलगी आत जात होती. आठ. नऊ. दहा. सिस्टर पहिल्यांदाच त्या खोलीत उभी होती. तिने सील सरळ लावलं असेल का, पट्टी बघितली असेल का? मावशीचे हात आपोआप मांडीवर सील चिकटवत होते.

भिंगरी आत गेली, बाहेर आली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, कानांच्या डॉक्टरकडे गेली. जाताना प्रत्येक वेळी ती आईकडे बघून हसली. वजन, उंची, छातीचा फोटो, सगळं झालं. शेवटी फॉर्म घेऊन मेजरबाईंच्या खोलीत गेली. इतरांना पाच मिनिटं लागत होती. तिला पंचवीस लागली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पण चाल ताठ होती. आईजवळ येऊन ती हळूच म्हणाली, “मी होय लिहिलं.” आणि मावशी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, “मावशी, जरा आत या.”

मेजरबाईंच्या समोर तो फॉर्म होता. भिंगरीचं अक्षर मावशीला उलटं असूनही वाचता आलं. होय. एकदा. तारीख, जागा, किती झुरके, सगळं.

“बसा,” मेजरबाई म्हणाल्या. “नमुना स्वच्छ आहे. तिने लिहिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. मला हे वर पाठवावं लागेल. पाठवताना माझा शेरा लागतो, की मुलगी आपणहून बोलली की कशाला घाबरून बोलली. तुम्ही इथे काम करता, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला माहीत होतं?”

“परवा कळलं. तिनेच सांगितलं.”

“आणि तुम्ही तिला खरं लिहायला सांगितलंत.” मेजरबाई लिहायला वाकल्या होत्या. त्यांनी हे प्रश्न म्हणून विचारलंच नव्हतं. “एकोणीस वर्षं त्या दारात उभ्या आहात. मुलीला वळण लागणारच.”

नुसती मान हलवायची होती. एवढंच. सगळं जुळलं असतं. आई प्रामाणिक, मुलगी प्रामाणिक, वर पाठवायला छान शेरा. मग तिला दिसलं, की मान हलवली तर ते ‘होय’ भिंगरीचं राहणार नाही. ते आईने सांगितलेलं होईल. पोरीने एकटीने केलेली ही गोष्ट आपण तिच्याकडून काढून घेऊ.

“नाही,” मावशी म्हणाली. “मी तिला ‘नाही’ लिही म्हणून सांगितलं. बाटलीत काही सापडणार नाही, हेसुद्धा सांगितलं. तिने माझं ऐकलं नाही. जे लिहिलंय ते तिचं तिने लिहिलंय.”

मेजरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“हे मला शेऱ्यात लिहावं लागेल, मावशी. तुम्हाला कळतंय ना त्याचा अर्थ?”

“कळतंय. लिहा.”

“निवृत्तीला दोनच वर्षं राहिली तुमची.”

“हो. पण लिहा.”

बाहेर भिंगरी बाकावर बसली होती. मावशीने तिचा हात धरला आणि दोघी चालत बसथांब्यापर्यंत गेल्या. बस आली तरी चढल्या नाहीत. भिंगरी म्हणाली, “चिडलीस?” मावशी म्हणाली, “चिडले होते. आता भूक लागली आहे.” दोघींना एकदम हसू फुटलं, ते आवरेना. थांब्यावरची माणसं बघायला लागली.

बावीस दिवस गेले. भिंगरी रोज धावत होती. बाबांना तिने स्वतः सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “दोन झुरके? मी तर विसाव्या वर्षी बिडी ओढून लिफ्टच्या खड्ड्यात ओकलो होतो.” पण त्या दिवसापासून घरात फोन वाजला की पहिले धावणारे तेच असत.

तेविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोनवर संदेश आला. भिंगरीने तो तीनदा वाचला. एकदाच झालेलं सेवन, स्वतःहून दिलेली कबुली, उमेदवार पात्र. प्रशिक्षण केंद्रात हजर होण्याची तारीख पुढच्या महिन्याची. तिने आधी आईला फोन लावला आणि एकही शब्द न बोलता नुसती रडली, त्यावरूनच आईला सगळं कळलं. मग बाबांना लावला. ते तेव्हा एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या छतावर होते. लिफ्ट चालू होईपर्यंत त्यांना धीर निघेना, म्हणून ते सहाही मजले जिन्याने उतरले, रस्त्यावर आले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इथे येऊन आपल्याला करायचं काहीच नाही.

त्याच आठवड्यात मावशीचा कागदही आला. मेजरबाई तो स्वतः घेऊन आल्या. नमुन्याच्या खोलीतून बदली, कपडे विभागात. तिथे उमेदवारांना तपासणीचे झगे द्यायचे, वापरलेले परत घ्यायचे, धुवायला पाठवायचे.

“याहून वाईट होऊ शकलं असतं,” मेजरबाई म्हणाल्या. “मी जमेल तेवढं लिहिलं.”

“बरोबर झालं,” मावशी म्हणाली. “त्या दारात मी आता नको.”

हे बोलताना तिचा आवाज फुटला नाही. तो फुटला नंतर, कपाटातली आपली चप्पल आणि डबा उचलताना, आणि तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

भिंगरी गेली. निरोपाच्या वेळी बाबांचं कोपर पुन्हा चुकलं. या वेळी तिने ते हाताने धरून नीट केलं. मावशीने तिचे केस बघितले, नुकतेच कापलेले, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, “पोचलीस की कळव.” बस सुटली तेव्हा तिने हातही हलवला नाही. हातात पाण्याची बाटली राहून गेली होती, द्यायची.

सोमवारी नवी तुकडी आली. कपडे विभागाच्या खिडकीपुढे मुलींची रांग लागली. तिसरी मुलगी बारीक होती, हातातल्या फॉर्मची घडी घालत होती आणि परत उलगडत होती.

“मावशी, आत काय काय विचारतात हो?”

“जे झालं असेल ते,” मावशी म्हणाली. “उंची किती तुझी?”

तिने वरच्या फळीवरचा झगा काढला, मुलीच्या खांद्यांकडे बघून तो परत ठेवला आणि एक माप लहान घेतला. मुलगी तो घालून पाठमोरी उभी राहिली. मागच्या दोन नाड्या सुटत होत्या. मावशीने खिडकीतून हात बाहेर काढून त्या नीट बांधल्या, गाठ ओढून बघितली, आणि कॉरिडॉरच्या टोकाचं दार दाखवलं.

“सरळ जा. तिथे सिस्टर उभी आहे.”