जिन्यातला दिवा

माझा धाकटा दीर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. कामात वाघ, पण माणसांशी त्याचं जमत नाही. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, जेवण स्वतःच्या खोलीत, आणि जिन्यातला दिवा लुकलुकला की म्हणणार, "वहिनी, दुकानात माझ्याविषयी बोलताहेत. दिवा सांगतोय." मी भांडी विसळता विसळता ओरडायचे, "काहीतरीच तुझं! वायर ढिली झालीय. नीघ मुकाट्यानं." तो निघायचा.

शेवटी मीच मागे लागून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "याला स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. हे वेड नव्हे. साध्या योगायोगातही यांना स्वतःसाठी खूण दिसते, आणि माणसांची फार जवळीक झेपत नाही. यांची टर उडवू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दिवा लुकलुकला तेव्हा मी जीभ आवरली आणि साखर पेरून म्हणाले, "हो रे, मलाही तसंच वाटतंय."

त्यानं दार लावून घेतलं ते लावूनच. कामाला जाईना. दुकानाचा मालक भला माणूस, पण त्याचाही निरोप आला: उद्या आला नाही तर दुसरा कारागीर बघतो. भिंगं घासायच्या यंत्रापुढे बसला की हा सुखात असतो. तेच गेलं तर खोलीबाहेर पडायला त्याला कारण तरी काय उरणार?

नवरा म्हणाला, "तू नको मध्ये पडूस." म्हणून मी लगेच जाऊन दारावर थाप मारली. "अरे, एवढं झालं तरी काय?"

आतून आवाज आला, "वहिनी, मला तर ते रोजच वाटतं. खरं असेल, नसेलही. तुम्ही 'नाही' म्हणता, त्यावर भिस्त ठेवून मी खाली उतरतो. आता तुम्हालाही वाटायला लागलं, तर मी कुणाच्या भरवशावर जाऊ?"

मला रडूच फुटलं. "मला काही म्हणजे काही वाटत नाही रे! खोटं बोलले मी, तुला बरं वाटावं म्हणून."

"तसं नका करू," तो म्हणाला. "नाहीच म्हणा. फक्त हसू नका."

थोड्या वेळानं मफलर गुंडाळत तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. मी डोळे पुसत तिथंच उभी राहिले, आणि खरं सांगते, फार सुख वाटलं. या घरात माझं 'नाही' आजवर कुणी जुमानलं नव्हतं, नवऱ्यानं तर नाहीच नाही. आणि तेवढ्याच्या आधारावर एक अख्खा माणूस रोज कामाला जात होता.