बांध न कळणाऱ्या माश्या

वच्छलाबाईंच्या मातीच्या भिंतीत बोटभर लांब मेणाची नळी होती. चौदा वर्षं तिच्यातून बिननांगीच्या बारीक काळ्या मधमाश्यांची ये-जा चालू होती. मुंगीएवढा जीव, डंख मारायची सोय नाही. पण पारशिवनीजवळच्या त्या शिवारात काकडी धरायची ती त्यांच्याच जिवावर. वर्षाकाठी वाटीभर आंबूस मध निघे, तोही खोकल्याला म्हणून गावात वाटला जाई. बांधाला बांध असलेल्या जागेश्वरच्या नातवानं तर दोन हिवाळे त्यावरच काढले होते.

त्याच जागेश्वरनं ती नळी सिमेंटनं बुजवली. नवऱ्याच्या, गोविंदाच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई पाच दिवस धंतोलीच्या दवाखान्यात होत्या, तेवढ्यात. माश्या भिंत पोखरतात, फुलं खातात, हे त्याचं शहाणपण. वर उपकार केल्यासारखं सांगायलाही आला. बाईंनी त्याच्यासमोर सब्बलीनं सिमेंट फोडलं. आत मोहरी सांडावी तशा माश्या मरून पडल्या होत्या. बाई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलून राग वाया घालवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पुढच्या हंगामात दोन्ही शेतांत वेल पिवळेधम्मक फुलले आणि बोटभर काकड्या सुकून गळू लागल्या. दुसऱ्या माश्या जागेश्वरच्या फवारणीनं केव्हाच पळाल्या होत्या. मग कृषी सहायकानं सांगितल्याप्रमाणे तो रोज सकाळी नरफूल तोडून एकेका मादीफुलावर घासू लागला. दोन एकरांत. चार दिवसांत कंबर धरली. बांधाच्या अलीकडे बाईही तेच करत होत्या, आणि त्यांचीही कंबर काही लोखंडाची नव्हती.

त्यांच्या माश्यांचा वंश मात्र संपला नव्हता. त्याच भिंतीतलं अर्धं घरटं ओंडक्यात बसवून बाईंनी पूर्वी बहिणीला, इंदूबाईला, दिलं होतं. ओंडका परत न्यायला इंदूबाईनं तीनदा निरोप धाडला. गोविंदा तर रोज मागे लागायचा.

"आण ना वं तो ओंडका. आपल्याच पिकाचं वाटोळं काहून करून राहिली?"

बाई ऐकून घ्यायच्या आणि पोळ्या लाटायच्या.

ओंडक्याची खबर जागेश्वरपर्यंत गेली. एका सकाळी तो बांधाशी येऊन उभा राहिला. चुकलो म्हणाला, नवी भिंत बांधून देतो म्हणाला, डोळ्यांत पाणीही आणलं.

"वहिनी, तुमचीबी काकडी गळून राहिली. माह्यासाठी नको, तुमच्यासाठी तरी आणा."

बाईंनी चौदा महिने दाबून धरलेलं तोंड उघडलं.

"माश्यायले बांध समजत नाही, भाऊजी. माह्या वेलावर बसतीन तशा तुमच्याही वेलावर बसतीन. म्हणूनच नाही आणत."

त्यांनी पुढचं नरफूल तोडलं आणि वाकल्या. कंबरेतून कळ गेली. पलीकडे जागेश्वरही कण्हत वाकला. ते कण्हणं बाईंनी कान देऊन ऐकलं आणि त्यांना फार बरं वाटलं.