वडिलांनी भरलेलं पिंप

डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणारी रोहाया न्हाणीघरात वाकली आणि पिंपावर बांधलेल्या लुंगीच्या कापडावर तिनं बॅटरी मारली.

"आंटी, याचं झाकण कुठंय?"

"हरवलं," बी लेंग म्हणाली. "वडील गेले तेव्हा खाली मांडव घातला होता ना, तिथं कुणीतरी झाकणात शेंगदाणे ठेवले. मग ते गेलंच."

"म्हातारबांनी पाहिलं असतं तर शवपेटीतून उठून आले असते!" रोहाया बोलून गेली आणि ओशाळली. बी लेंग मात्र हसली. वडिलांची थट्टा करणारं कुणी बऱ्याच दिवसांत घरी आलं नव्हतं.

दर शनिवारी पिंपातल्या जुन्या पाण्यानं फरशी धुवायची आणि ते पुन्हा काठोकाठ भरायचं, हा वडिलांचा नेम रोहायालाही ठाऊक होता. बी लेंगच्या लहानपणी सिंगापुरात पाण्याच्या पाळ्या असत. वडील रस्त्यावरच्या नळावरून बादल्या वाहत. पुढे तलाव झाले, समुद्राचं पाणी गोडं झालं, सांडपाणीसुद्धा पिण्याजोगं झालं. घरचा नळ कधी आटला नाही. वडिलांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

"पा, आता कशाला हे?" असं तिनं म्हटलं की ते म्हणत, "नळ गेला की येशील माझ्याकडेच." तोवर त्या पाण्यात भात शिजवायचा नाही, अंघोळ करायची नाही.

हे त्यांनी भरलेलं शेवटचं पाणी होतं.

"अजून अळ्या नाहीत, नशीब," रोहाया कापडाची कड उचलून म्हणाली. "पण कापडाला डास भीत नाहीत, आंटी. औषध टाकते, मग राहू दे हवं तर. वापरता मात्र येणार नाही. नाहीतर आजच ओता."

बी लेंग पाण्याकडे पाहत राहिली. वडील गेल्यापासून ती रोज नळ सोडताना क्षणभर थांबायची. एकदा तरी तो आटावा. एकदा तरी त्यांचं खरं व्हावं.

"औषध नको. संध्याकाळपर्यंत थांबशील?"

"वरचे मजले करून येते. पण तेव्हा रिकामं दिसू दे हं, नाहीतर साहेब मला फाडून खातील."

ती गेल्यावर बी लेंग बाहेर आली. व्हरांड्यातल्या मीटरच्या कपाटात हात घालून तिनं घरच्या पाण्याचा कॉक गच्च बंद केला. परत येऊन स्वयंपाकघरातला नळ सोडला. धार बारीक झाली, तुटली, नळ एकदा खोकला आणि गप्प झाला.

"पा," ती आतल्या खोलीच्या दिशेनं म्हणाली, "नळ गेला."

मग तिनं पिंपाचं कापड सोडलं आणि पहिलं भांडं भातासाठी बुडवून घेतलं. अंघोळीला माणशी किती घ्यायचं, ते मात्र त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.